कामावरील अपघाताचा भरपाईचा दावा: न्यायनिर्णयांच्या आधारे तो कसा उभा करावा

कामावर अपघात झाला की पहिल्या आठवड्यात घरच्यांचे सगळे लक्ष रुग्णालयाकडे असते, आणि ते तसेच असायला हवे. मात्र भरपाईच्या दाव्याचे भवितव्यही बहुधा त्याच आठवड्यात ठरत असते. हजेरीपटावरची त्या दिवसाची नोंद, रुग्णालयाच्या केसपेपरवर "इजा कशी झाली" या रकान्यात लिहिलेले एक वाक्य आणि पंचनाम्यातील जागेचे वर्णन, एवढ्या तीन कागदांवर पुढे अनेक वर्षे वाद चालतो. सर्वोच्च न्यायालयाचे गेल्या सहा-सात दशकांतील निर्णय ओळीने वाचले तर त्यांत दोनच दुव्यांचा शोध घेतलेला दिसतो: अपघाताचा कामाशी असलेला दुवा, आणि इजेचा त्या विशिष्ट माणसाच्या कमाईशी असलेला दुवा. दावा तयार करायचा म्हणजे हे दोन दुवे कागदावर दाखवायचे. बाकी बरेचसे हिशेबाचे आणि मुदतीचे काम आहे.

आधी कायदा कोणता हे निश्चित करावे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम २००९ च्या दुरुस्तीने कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम झाला आणि त्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावल्या गेल्या आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी जन्माला येतो, त्यामुळे अपघाताची तारीख हीच कोणता कायदा लागू होणार हे ठरवणारी तारीख असते, दावा दाखल केल्याची नव्हे. न्यायालयांत आज चालू असलेली बहुतेक प्रकरणे १९२३ च्या कायद्याखालची आहेत आणि पुढील विवेचनातील कलमे व रकमा त्याच कायद्याच्या आहेत. संहितेने भरपाईचे मूळ सूत्र कायम ठेवले आहे, म्हणून जुन्या निर्णयांतील तत्त्वे नव्या अपघातांनाही उपयोगी पडतात.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की नियोक्त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कलम ३ प्रमाणे अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडला, एवढे दाखवले की दायित्व येते. "चूक त्याचीच होती, त्याने हात घालायला नको होता" हे वाक्य मालकाच्या कार्यालयात हमखास ऐकू येते. कायद्याच्या दृष्टीने साध्या चुकीला अर्थ नाही. कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्रावरचे संरक्षक साधन त्याने मुद्दाम काढून टाकले, आणि इजा थेट त्यामुळेच झाली, असे दाखवता आले तर नियोक्त्याला बचाव मिळतो. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर हे तिन्ही बचाव गळून पडतात. ही तरतूद अनेक कुटुंबांना ठाऊक नसते, आणि "तो दारू प्यायला होता" असे कुणी म्हटले की ती दावाच सोडून देतात.

पहिला दुवा सगळ्यात जास्त वादाचा असल्यामुळे त्यावर थोडे थांबले पाहिजे. "नोकरीच्या ओघात" याचा अर्थ कारखान्याच्या फाटकाच्या आत असा न्यायालयांनी कधीच घेतलेला नाही. १९५८ साली सौराष्ट्रातील एका मिठागराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कल्पित विस्ताराचे तत्त्व मान्य केले, म्हणजे कामाची जागा आणि वेळ दोन्ही बाजूंनी वाजवी अंतरापर्यंत वाढवून पाहता येतात असे सांगितले. पण खाडी ओलांडताना होडी उलटून बुडालेल्या कामगारांच्या वारसांना मात्र भरपाई नाकारली, कारण ती होडी आणि ती वाट सर्वांसाठी खुली होती. पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचे प्रकरण आले. एका बसचालकाने काम संपवून जोगेश्वरीच्या आगारात गाडी लावली आणि घरी जाण्यासाठी तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. ती बस रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली आणि तो दगावला. काम संपलेले होते, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होते. तरीही बहुमताने भरपाई मान्य झाली, कारण चालकांना गणवेशात मोफत प्रवासाची मुभा देण्यात उपक्रमाचाही फायदा होता आणि एवढ्या पसरलेल्या शहरात ही सेवा वेळेवर चालवण्यासाठी तो प्रवास आवश्यकच होता. मिठागराचा आणि बेस्टचा निर्णय शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे "प्रवासात अपघात" असे नुसते लिहिणे का पुरत नाही हे ध्यानात येते. प्रवासाची सोय कोणी केली, तीत कोणाचे हित होते आणि कामगाराला दुसरा मार्ग होता का, या प्रश्नांची उत्तरे अर्जात हवीत.

घरून कामावर जाताना झालेल्या अपघाताबाबत कायदा बराच काळ कठोर होता. १९९६ मध्ये कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या (ईएसआयसी) एका प्रकरणात कारखान्यापासून साधारण एक किलोमीटरवर सायकलला ट्रकने धडक दिलेल्या कामगाराला लाभ नाकारला गेला. त्यानंतर २०१० मध्ये राज्य विमा कायद्यात कलम ५१-ई आले आणि घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असल्यास, नोकरीतलाच मानला जाऊ लागला. पण जे विमा योजनेत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्याच एका प्रकरणात दिले. एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. उस्मानाबादच्या भरपाई आयुक्तांनी, म्हणजे या कायद्याखालील दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, २००९ मध्ये भरपाई दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. निर्णयाचा गाभा असा की "नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात" हे शब्द दोन्ही कायद्यांत सारखे आहेत आणि कलम ५१-ई स्पष्टीकरणात्मक असल्यामुळे जुन्या अपघातांनाही लागू पडते. या निर्णयाचा आधार घेणाऱ्याने पाळीची वेळ, घरून निघाल्याची वेळ आणि नेहमीचा रस्ता या तीन बाबी सिद्ध केल्याच पाहिजेत. पहाटेच्या पाळीला निघालेला माणूस आणि वाट वाकडी करून लग्नाला गेलेला माणूस यांत न्यायालय फरक करणारच.

अपघात कोणी पाहिलाच नसेल तर? जहाजावरून एक खलाशी नाहीसा झाला होता. तो समुद्रात कसा पडला हे कुणालाच माहीत नव्हते. मॅकिनॉन मॅकेंझी कंपनीच्या त्या प्रकरणात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सिद्धतेचा भार दावेदारावर आहे. प्रत्यक्ष साक्षीदार नसला तरी परिस्थितीवरून वाजवी निष्कर्ष काढता येतो, मात्र निव्वळ तर्क चालणार नाही. वारस हरले. हृदयविकाराच्या प्रकरणांतही हीच कसोटी लागते. २००६ मध्ये वाहनावर क्लीनर असलेल्या एका तरुणाच्या वारसांना भरपाई मिळाली नाही, कारण कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध दाखवणारा पुरावाच नव्हता. २०१२ मध्ये सलग ११५२ किलोमीटर गाडी चालवून आलेल्या ट्रकचालकाच्या वारसांना मिळाली, कारण त्या प्रवासाचा ताण नोंदींतून समोर आला होता. फरक आजारात नव्हता, कागदांत होता. म्हणून हृदयविकार, पक्षाघात अशा मृत्यूंमध्ये आदल्या आठवड्याचे कामाचे तास, रात्रपाळ्या, जादा कामाची नोंद, गाडीचे चलन व टोलच्या पावत्या आधी गोळा कराव्यात आणि शवविच्छेदनाचा अहवाल त्यानंतर मागवावा.

कागदांविषयी आणखी काही. केसपेपरवर "घरी पडून इजा" असे लिहून घेतल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात एकाहून अधिक आहेत; मुकादम सोबत येतो, पैसे तोच भरतो आणि हकिकतही तोच सांगतो. कामगार शुद्धीवर असेल तर डॉक्टरांना खरे कारण स्वतः सांगावे, आणि चुकीची नोंद झालीच असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नियोक्त्याला अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी. सूचना दिली नाही एवढ्यावर दावा बुडत नाही, कारण नियोक्त्याला अपघात अन्य मार्गाने माहीत झाला असेल तर कलम १० त्याला ती सबब देत नाही. पण सूचनेची पोच हा नोकरीचाच पुरावा ठरतो. नेमणूकपत्र नसलेल्यांसाठी बँकेत जमा झालेली मजुरी, मुकादमाचे मोबाइलवरचे संदेश, फाटकावरची नोंदवही, सहकाऱ्यांची शपथपत्रे हे सगळे चालते. रोजंदारीवर होता, चारच दिवस झाले होते, ही सबबही टिकत नाही. नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकले आहेत.

"राजीखुशीने रक्कम मिळाली, आता काही तक्रार नाही" अशा मजकुराच्या कागदावर सही घेतली जाते, तेव्हा कलम १७ आठवावे: कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार निरर्थक असतो. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम आयुक्तांकडे जमा करणे बंधनकारक आहे; वारसांच्या हाती परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या मर्यादेतील आगाऊ रक्कम सोडल्यास, भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

दुसरा दुवा इजेचा आणि कमाईचा. येथे सर्वांत मोठी गफलत होते ती अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी हीच भरपाईची टक्केवारी समजल्यामुळे. १९७६ च्या निर्णयसंग्रहांत छापलेले सुताराचे प्रकरण येथे मूळ आधार मानले जाते. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे कोणत्या इजेला किती टक्के हे सांगणाऱ्या तक्त्याप्रमाणे, ते अंशतः अपंगत्व होते, पण चार न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण आहे. रंधा एका हाताने धरता येतो, पण लाकूड कोण धरणार? हाच विचार २००८ मध्ये एका टँकरचालकाच्या बाबतीत पुढे नेला गेला. त्याचा उजवा पाय गेला होता, उच्च न्यायालयाने कमाईची हानी ६५ टक्क्यांवर आणली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती १०० टक्के केली. याउलट २००७ च्या एका निर्णयात शरीराची हानी आणि कमावण्याच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी असून शंभर टक्के मागणाऱ्याने तसा आधार दिला पाहिजे, असे बजावले आहे. तेव्हा डॉक्टरांकडून फक्त शरीराची टक्केवारी घेऊ नये. कामगार अपघातापूर्वी नेमके कोणते काम करत होता, त्या कामात कोणत्या हालचाली लागतात आणि त्यांपैकी कोणती आता होत नाही, हे दाखल्यात किंवा डॉक्टरांच्या साक्षीत आले पाहिजे. प्रेसवर काम करणाऱ्याची तीन बोटे आणि पहारेकऱ्याची तीन बोटे अनुसूचीत सारखीच, ३० टक्के. पण प्रेस चालवणाऱ्याला त्याच कामावर परत घेणार आहेत का, हा प्रश्न विचारला गेला की आकडा बदलू शकतो.

हिशेब स्वतः करून पाहावा, तो अवघड नाही. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वात ६० टक्के, त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय जितके कमी तितका गुणक मोठा: तीस वर्षांसाठी २०७.९८, चाळीससाठी १८४.१७, पन्नाससाठी १५३.०९. हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपये आहे, त्याआधी ती ८,००० होती. पगार २२ हजार असला तरी १५ हजारच धरले जातात. समजा तीस वर्षांच्या, पंधरा हजारांवर हिशेब होणाऱ्या कामगाराची एका हाताची तीन बोटे गेली. संपूर्ण अपंगत्वाची रक्कम ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. तिचे ३० टक्के ५,६१,५४६ रुपये. मृत्यू झाला असता तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. गुणक ठरतो तो अपघातापूर्वीच्या शेवटच्या वाढदिवशी पूर्ण झालेल्या वयावर, म्हणून वयाचा पुरावा शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून तपासून घ्यावा. आधारवरील अंदाजे लिहिलेली १ जानेवारी ही जन्मतारीख कधी कधी एका वर्षाचा फरक पाडते.

व्याजाचा मुद्दा मालकापेक्षा दावेदारच जास्त विसरतात. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर कलम ४-अ प्रमाणे वर्षाला किमान १२ टक्के साधे व्याज, आणि उशिराला समर्थनीय कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. देय कधी होते, अपघाताच्या दिवशी की आयुक्तांच्या आदेशाच्या दिवशी? यावर मध्यंतरी उलटसुलट निर्णय झाले. सुताराच्या प्रकरणात अपघाताचा दिवस धरला होता. नंतरच्या काही लहान पीठांनी आदेशाचा दिवस धरला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाचा जुना निर्णयच बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. वरच्या उदाहरणात हा फरक वर्षाला ६७ हजारांहून अधिक आहे, आणि प्रकरण सहा वर्षे चालले तर तो चार लाखांवर जातो. अर्जाच्या मागणीत "अपघाताच्या तारखेपासून" हे शब्द घालायला विसरू नये. दंडासाठी वेगळी मागणी करावी, कारण नियोक्त्याला कारण दाखवण्याची संधी दिल्याशिवाय तो लावता येत नाही. शिवाय १९९७ च्या निर्णयानुसार वाहनाच्या वैधानिक विम्यात विमा कंपनी मूळ रक्कम आणि व्याज देते, दंड मात्र नियोक्त्याच्याच खिशातून जातो.

प्रतिवादी कोणाला करायचे हे घाईत ठरवू नये. ठेकेदाराने ठेवलेला कामगार मूळ मालकाच्या व्यवसायाचेच काम त्याच्या जागेत करत असेल तर कलम १२ प्रमाणे मूळ मालकही देणेकरी असतो आणि तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. म्हणून ठेकेदार, मूळ मालक आणि विमा असल्यास विमा कंपनी या सर्वांची नावे पहिल्याच अर्जात घालावीत. राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगाराचा रस्ता मात्र वेगळा आहे. त्या कायद्याचे कलम ५३ नियोक्त्याविरुद्ध भरपाईचा दावा करू देत नाही, आणि न्यायालयांनी ही मनाई काटेकोर पाळली आहे. तेथे महामंडळाकडे अपंगत्व किंवा आश्रितांच्या लाभासाठी अर्ज करावा. नियोक्त्याने वर्गणीच भरली नव्हती, कार्ड काढले नव्हते, असे सांगितले गेले तर २००३ च्या निर्णयसंग्रहांत छापलेला भारगठ इंजिनिअरिंगचा निर्णय पुढे करावा: कामगार नोकरीला लागल्यापासून विमाधारक असतो, वर्गणी भरली न भरली हा महामंडळ आणि नियोक्ता यांच्यातला प्रश्न. रस्त्यावरील वाहन अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त यांपैकी एकच दार निवडावे लागते. चालक स्वतः चुकला असेल तर आयुक्तांचे दार बरे, कारण तेथे चूक पाहिली जात नाही. चूक समोरच्या वाहनाची असेल आणि पगार मोठा असेल तर न्यायाधिकरणात बहुधा अधिक रक्कम मिळते, कारण तेथे वेतनाला १५ हजारांचे कुंपण नाही.

अर्ज अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत करावा. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. अपघाताच्या जागी, दावेदार राहतो तेथे, किंवा नियोक्त्याचे नोंदणीकृत कार्यालय असेल तेथे अर्ज करता येतो. परप्रांतात काम करताना दगावलेल्याच्या विधवेला तेथवर खेटे घालावे लागत नाहीत. प्राणघातक अपघाताची माहिती मिळाल्यावर आयुक्त स्वतः नियोक्त्याकडून निवेदन मागवू शकतात आणि ते तीस दिवसांत द्यावे लागते; वारसांनी आयुक्तांना साधे पत्र पाठवून ही मागणी करावी, कारण त्या निवेदनात नियोक्ता नोकरी नाकारतो की फक्त दायित्व नाकारतो, हे सुरुवातीलाच कळते. कायदा तीन महिन्यांत निकाल लावायला सांगतो. प्रत्यक्षात लागणारा वेळ त्याहून बराच मोठा असतो.

निर्णयांचा दाखला देताना नुसती यादी जोडू नये. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि काहींचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. प्रत्येक निर्णयात आधी तथ्ये वाचावीत, मग न्यायालयापुढचा प्रश्न, मग उत्तर. आपल्या तथ्यांशी तीन-चार ठिकाणी जुळणारा एकच निर्णय दहा लांबच्या निर्णयांपेक्षा उपयोगी पडतो. पीठ किती न्यायाधीशांचे होते आणि नंतरच्या पीठाने त्याला बाजूला सारले का, हेही पाहावे. व्याजाच्या बाबतीत याच एका गोष्टीमुळे कित्येकांना वर्षानुवर्षांचे व्याज मिळाले नाही.

तथ्यांवर इतका भर देण्याचे आणखी एक कारण आहे. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते, पण ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तथ्यांबाबत आयुक्तांचाच शब्द शेवटचा आणि उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तोलू नये. जे आयुक्तांपुढे आले नाही ते पुढे कुठेच येत नाही. नियोक्त्याला अपील करायचे असेल तर आदेशातील रक्कम आधी जमा केल्याचे आयुक्तांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अपिलाची नोटीस आली की दावेदाराने प्रथम ते प्रमाणपत्र आहे का हे पाहावे. नसेल तर पहिल्याच तारखेला तो आक्षेप लेखी नोंदवावा. आणि अपील न करताच नियोक्ता पैसे देत नसेल, तर कलम ३१ प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्यासाठी आयुक्तांकडे वेगळा अर्ज द्यावा.